अध्ययन आणि अनुग्रह : तुकाराम, बहिणाबाई आणि पंडिता रमाबाई यांच्या आत्मपर लेखनातील धर्मशीलतेचा विचार

प्रस्तावना

धर्मग्रंथांच्या अध्ययनाने मनुष्य धर्मशील होतो काय, की धर्मशीलता ही ईश्वराच्या वा गुरूच्या कृपेनेच प्राप्त होते, हा प्रश्न भारतीय आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही धर्मपरंपरांत प्राचीन काळापासून चर्चिला गेला आहे. मराठी वाङ्मयात मात्र या प्रश्नाला एक वेगळे परिमाण लाभले. येथे हा वाद केवळ आचार्यांच्या भाष्यग्रंथांत राहिला नाही. ज्यांना अध्ययनाचा अधिकारच नाकारला गेला होता, अशा व्यक्तींनी आपल्या जीवनानुभवातून त्याला उत्तर देण्याचा प्रयत्न केला. म्हणून मराठीत 'अध्ययन की अनुग्रह' या प्रश्नामागे 'अधिकार कोणाला' हा दुसरा प्रश्न सतत उभा असलेला दिसतो.

प्रस्तुत लेखात संत तुकाराम, संत बहिणाबाई आणि पंडिता रमाबाई यांच्या आत्मपर लेखनाच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. तिघांच्या काळात, पंथात आणि सामाजिक स्थानात मोठे अंतर आहे. तरीही तिघांनी आपल्या आयुष्यातील परिवर्तनाची हकीकत स्वतः सांगितली आहे आणि त्या हकीकतीत ग्रंथ व कृपा या दोन्हींना निश्चित स्थान आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीनंतर पदवी अभ्यासक्रमात मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञानप्रणाली या विषयांना श्रेयांक प्राप्त झाले आहेत. सदाचार वर्गात शिकवता येतो का आणि शिकवता येत असल्यास नेमके काय शिकवले जाते, हा प्रश्न त्यामुळे महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.

तात्त्विक पार्श्वभूमी

कठोपनिषदाच्या पहिल्या अध्यायातील दुसऱ्या वल्लीत दोन मंत्र लागोपाठ येतात. पहिल्या मंत्रात प्रवचनाने, बुद्धीने किंवा पुष्कळ श्रवणाने आत्मलाभ होत नाही, वरण झाल्यानेच तो होतो, असा आशय आहे. हे वरण कोण करतो याविषयी आचार्यांत मतभेद आहेत. शंकराचार्यांच्या मते साधक आत्म्याला वरतो, तर रामानुजीय परंपरेच्या मते परमात्मा साधकाची निवड करतो. एकाच मंत्रातून प्रयत्नवाद आणि कृपावाद असे दोन प्रवाह निघाले. परंतु लगेच पुढे येणाऱ्या मंत्राकडे या वादात पुरेसे लक्ष जात नाही. दुराचरणापासून जो परावृत्त झालेला नाही आणि ज्याचे मन शांत नाही, त्याला केवळ प्रज्ञेने ही प्राप्ती होत नाही, असे हा मंत्र सांगतो. म्हणजे वरणाचे माहात्म्य सांगितल्यानंतरही उपनिषदाने आचरणाची अट काढून घेतलेली नाही.

पुढे श्रीवैष्णव संप्रदायात हाच वाद मर्कटन्याय आणि मार्जारन्याय या दृष्टांतांनी मांडला गेला. माकडिणीच्या पोटाला पिल्लू स्वतः घट्ट धरून राहते. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. वडकलै पंथाने पहिला दृष्टांत स्वीकारला, तेंकलै पंथाने दुसरा. ख्रिस्ती परंपरेत पाचव्या शतकाच्या प्रारंभी ऑगस्टिन आणि पेलॅजियस यांच्यात झालेला वाद याच स्वरूपाचा होता. मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने सदाचारी होऊ शकतो हे पेलॅजियसचे मत चर्चने अमान्य केले आणि कृपेचा सिद्धांत प्रमाण मानला.

जैन दर्शनात जगन्नियंत्या ईश्वराच्या कृपेला स्थान नाही. तरीही तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात सम्यग्दर्शन हे निसर्गतः किंवा अधिगमाने होते, असे म्हटले आहे. अधिगमाने, म्हणजे उपदेश आणि अध्ययनाने होणारे दर्शन तेथे मान्य आहेच. पण त्याशिवाय आपोआप होणारे दर्शनही नाकारलेले नाही. यावरून असे दिसते की, कृपा न मानणाऱ्या दर्शनालाही धर्मदृष्टीचा उगम केवळ शिकवणीत दाखवता आलेला नाही.

ज्ञानेश्वरीतील भूमिका

मराठीत या चर्चेचा पाया ज्ञानेश्वरीने (शके १२१२, इ.स. १२९०) घातला. ज्ञानेश्वर आपल्या वाणीचे सर्व श्रेय निवृत्तिनाथांच्या कृपेला देतात. त्याच वेळी गीतेच्या बाराव्या अध्यायातील अभ्यासयोगावर ते विस्ताराने लिहितात. येथे 'अभ्यास' या शब्दाचा अर्थ ध्यानात घेणे आवश्यक आहे. आजच्या मराठीत अभ्यास म्हणजे पुस्तक वाचून परीक्षेची तयारी करणे. गीता आणि ज्ञानेश्वरीत अभ्यास म्हणजे मन पुनःपुन्हा एकाच ठिकाणी आणण्याची सवय. हा अर्थ स्वीकारल्यास अभ्यासाचे नाते ग्रंथापेक्षा आचरणाशी अधिक जवळचे ठरते.

तेराव्या अध्यायात ही भूमिका अधिक स्पष्ट होते. तेथे ज्ञानाची लक्षणे म्हणून जी सांगितली आहेत ती अमानित्व, अदंभ, अहिंसा, क्षमा अशी सर्व वर्तनाची लक्षणे आहेत. अहिंसेचे विवेचन करताना ज्ञानेश्वर अहिंसक माणसाचे चालणे, बोलणे आणि पाहणे यांचे सूक्ष्म वर्णन करतात. उलट अज्ञानाच्या विवेचनात अनेक शास्त्रे जाणणारा परंतु आत्मज्ञानाला पारखा असलेला विद्वान येतो. त्याच्यासाठी मोराच्या पिसाऱ्याचा दृष्टांत योजला आहे : अंगभर डोळे आहेत, पण दृष्टी नाही. ज्ञानेश्वरांनी विद्वत्तेचा अव्हेर केलेला नाही. ते स्वतः बहुश्रुत होते. विद्वत्ता म्हणजे ज्ञान हे समीकरण तेवढे त्यांनी नाकारले.

तुकाराम : पाठांतर, स्वप्नोपदेश आणि निर्मिती

तुकारामांच्या (१६०८–१६५०) आत्मचरित्रपर अभंगांत परिवर्तनाचा क्रम स्पष्टपणे आला आहे. शूद्र जात, वाण्याचा व्यवसाय, दुष्काळात झालेली वाताहत, पत्नीचा अन्नावाचून मृत्यू, लोकांत वाटलेली लाज, मोडकळीस आलेल्या देवळाची दुरुस्ती आणि एकादशीचे कीर्तन असा हा क्रम आहे. आरंभी अभ्यासात चित्त नव्हते, म्हणून संतांची काही वचने आदराने आणि विश्वासाने पाठ केली, असे ते सांगतात. कीर्तनात पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरले, हेही ते नोंदवतात. यानंतर स्वप्नातील गुरूपदेश आणि कवित्वाची स्फूर्ती येते.

या क्रमाकडे बारकाईने पाहिल्यास दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, तुकारामांच्या हकीकतीत पाठांतर कृपेच्या आधी आहे. दुसरी, हे पाठांतर शास्त्राधिकाराचे नसून संतवचनांचे आहे. ज्या अध्ययनाचा अधिकार त्यांना नव्हता त्याच्या जागी त्यांनी मराठी संतवाणीचे अध्ययन उभे केले. त्यामुळे तुकारामांना 'अशिक्षित पण कृपेने ज्ञानी झालेला भक्त' असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. त्यांच्यामागे ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, कबीर यांच्या वाणीचा मोठा संस्कार होता.

बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात दिलेला उपदेश हा या हकीकतीचा मध्यबिंदू आहे. गंगास्नानाला जाताना वाटेत सद्गुरू भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला, भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि स्वप्नात त्याचा विसर पडला, असा तपशील तुकाराम देतात. राघव चैतन्य, केशव चैतन्य ही परंपराही सांगतात. कृपा झाली ती सेवा पूर्ण होण्यापूर्वी. मागितलेले तूप दिले गेले नाही, तरी उपदेश मिळाला. विनिमयाच्या व्यवहारात वाढलेल्या वाण्याने हा तपशील नोंदवावा, याला अर्थ आहे. काही देऊन काही मिळवण्याचा जो नियम बाजारात आणि कर्मकांडातही चालतो, तो येथे मोडला आहे.

वेदांचा खरा अर्थ आम्हालाच ठाऊक, इतर केवळ भार वाहतात, हे तुकारामांचे प्रसिद्ध विधान या पार्श्वभूमीवर वाचावे लागते. अध्ययनाच्या मक्तेदारीला त्यांनी दिलेले ते आव्हान आहे. गं. बा. सरदार यांनी 'संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' (१९५०) या ग्रंथात संतांच्या कार्याची जी सामाजिक मीमांसा केली, तिच्या प्रकाशात असे म्हणता येते की, कृपेचा सिद्धांत हा येथे अधिकारभेदाला दिलेले उत्तर होता. अध्ययन ही धर्मशीलतेची अट ठरली, तर ज्यांना अध्ययन नाकारले ते सर्व धर्मशीलतेलाही मुकतात. ही अन्याय्य निष्पत्ती टाळण्याचा मार्ग तुकारामांना अनुग्रहात सापडला.

बहिणाबाई : न वाचलेल्या शास्त्राची सत्ता

बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. बहिणाबाई जन्माने ब्राह्मण. पती गंगाधर पाठक वैदिक वृत्तीचे. घरात वेदपठण होते, पण स्त्री म्हणून बहिणाबाईंना त्याचा अधिकार नव्हता. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकारामांचे अभंग त्यांच्या कानी पडले. पुढे स्वप्नात तुकारामांचा अनुग्रह झाला. ब्राह्मण स्त्रीने शूद्र गुरू करावा याचा पतीला क्रोध आला, मारहाण झाली. देहूस गेल्यावर मंबाजीचा विरोध सहन करावा लागला. शिक्षणाने जे मिळू शकत नव्हते आणि जातिनियमाने जे निषिद्ध होते, ते बहिणाबाईंना कृपेच्या रूपाने मिळाले. घरातील वेदज्ञ पतीचे वर्तन आणि वेदाला पारख्या पत्नीची सहनशीलता यांचा विरोध या आत्मनिवेदनात आपोआप उमटतो. अध्ययन आणि धर्मशीलता यांत अनिवार्य संबंध नाही, याचे याहून थेट उदाहरण मराठीत क्वचितच आढळेल.

तथापि याच लेखनाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बहिणाबाईंनी पतिव्रताधर्माचे समर्थन करणारे अभंगही लिहिले आहेत. पतीच्या क्रोधाला शरण जाणे हे त्या कर्तव्य मानतात. जे शास्त्र त्यांना वाचू दिले नाही, त्याच शास्त्राने सांगितलेला स्त्रीधर्म पुराणश्रवण आणि कुटुंबव्यवस्था यांच्याद्वारे त्यांच्या मनावर राज्य करीत होता. न वाचलेल्या ग्रंथाशी वाद घालता येत नाही. अनुग्रहाने बहिणाबाईंना आत्मप्रतिष्ठा दिली, पण स्त्रीधर्माच्या चौकटीची चिकित्सा करण्याचे साधन दिले नाही. जातीच्या बाबतीत मात्र त्या चिकित्सेपर्यंत पोहोचल्या. 'ब्राह्मण कोणाला म्हणावे' या प्रश्नाची चर्चा करणाऱ्या वज्रसूची उपनिषदाचा आशय त्यांच्या नावावरील अभंगांत आला आहे. जेथे ग्रंथाचा आधार हाती आला तेथे विचार पुढे गेला. जेथे आला नाही तेथे तो थांबला. केवळ कृपेच्या बाजूने निर्णय देणाऱ्या समीक्षेने हा फरक दुर्लक्षून चालणार नाही.

पंडिता रमाबाई : अध्ययनाकडून अनुग्रहाकडे आणि पुन्हा अध्ययनाकडे

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या रूपाने या प्रश्नाचे सर्वांत समृद्ध उदाहरण समोर येते. तुकाराम आणि बहिणाबाई यांना जे अध्ययन नाकारले गेले ते रमाबाईंना घरातच मिळाले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमत झुगारून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना. हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणकथन करीत फिरत असे. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी या काळाचे चित्र रेखाटले आहे. शास्त्रात सांगितलेली व्रते, दाने, तीर्थयात्रा, पारायणे सर्व झाली. हाती असलेले द्रव्य त्यात संपले. आणि दुष्काळात उपासमारीची वेळ आली. अल्प अवधीत आई, वडील आणि थोरली बहीण यांचे निधन झाले.

१८७८ साली रमाबाई भावासह कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. स्त्रियांसमोर धर्मविषयक व्याख्याने देता यावीत म्हणून त्यांना धर्मशास्त्राचे अध्ययन करण्यास सांगण्यात आले. या अध्ययनाचा परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. निरनिराळे ग्रंथ अनेक बाबतींत परस्परविरोधी असले, तरी स्त्रिया आणि शूद्र यांना हीन लेखण्याबाबत त्यांचे एकमत आहे, असा निष्कर्ष रमाबाईंनी काढला. येथे अध्ययनाने श्रद्धा दृढ केली नाही, ती मोडली. परंतु हा मोड हेच त्या अध्ययनाचे नैतिक फळ होते. बहिणाबाईंना जे प्रश्न विचारता आले नाहीत ते रमाबाईंना विचारता आले, कारण त्यांनी ते ग्रंथ मूळ संस्कृतात वाचले होते.

१८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तत्पूर्वी फुलहॅम येथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले काम त्यांनी पाहिले होते. आपल्या ओळखीच्या शास्त्रांत अशा स्त्रियांविषयी करुणा नाही, येथे ती आहे, या जाणिवेने त्या हलून गेल्या. म्हणजे धर्मांतराला प्रेरणा मिळाली ती ग्रंथाच्या तर्कशुद्धतेपेक्षा एका आचरणाच्या दर्शनाने. मात्र पुढील काही वर्षांतील पत्रव्यवहार पाहिला, तर रमाबाईंनी आपली चिकित्सक बुद्धी गहाण ठेवली नव्हती हे दिसते. ए. बी. शहा यांनी संपादित केलेल्या पत्रसंग्रहात (१९७७) सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी झालेला वाद आला आहे. त्रैक्याचा सिद्धांत केवळ चर्च सांगते म्हणून स्वीकारण्यास त्यांचा नकार होता. पुराणिकांच्या अधिकारातून सुटलेल्या मनाला धर्मगुरूंच्या अधिकारात जाणे मान्य नव्हते.

बाप्तिस्म्यानंतर सुमारे ८ वर्षांनी रमाबाईंना निराळी जाणीव झाली. ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाचे त्यांचे निवेदन आहे. विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मगुरूच्या आत्मकथनाचे वाचन या जाणिवेस निमित्त झाले. हॅस्लम स्वतः दीक्षित धर्मगुरू असूनही त्याचे खरे परिवर्तन नंतर झाले होते. रमाबाईंच्या हकीकतीतील हा टप्पा कृपावादाच्या शुद्ध उदाहरणासारखा वाटतो : संस्कृत शास्त्रे झाली, बायबलचे अध्ययन झाले, सिद्धांत पटले, तरी चित्तास शांती नव्हती; ती शरणागतीने आली. पण या कृपेचे निमित्तही एक पुस्तकच होते, हे विसरता येत नाही.

याहून महत्त्वाचे आहे ते पुढे घडलेले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी निराधार मुली आणि विधवा यांना आश्रय दिला आणि केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. तेथे अध्ययनाबरोबर छपाई, विणकाम, शेती यांचे शिक्षण दिले गेले. १९०५ साली तेथे धार्मिक जागृतीची लाट आली. सामुदायिक प्रार्थनेत मुली रडू लागल्या, पापांची कबुली देऊ लागल्या. अशा सामूहिक भावावस्थेविषयी समीक्षकाने सावध राहणे योग्यच आहे. परंतु रमाबाई त्या अवस्थेत थांबल्या नाहीत. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून सामान्य स्त्रियांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले आणि १९२२ मधील मृत्यूपूर्वी ते पूर्णत्वास नेले. अध्ययनाने जे मिळाले नाही असे सांगणारी स्त्री अनुग्रहानंतर पुन्हा व्याकरण आणि शब्दकोशाकडे वळली. पहिल्या अध्ययनाने पदव्या मिळाल्या होत्या. दुसऱ्या अध्ययनाचा हेतू आश्रमातील साध्या शिकलेल्या मुलीला ग्रंथ स्वतः वाचता यावा, एवढाच होता.

कृपावादाच्या मर्यादा

वरील विवेचनावरून कृपेची बाजू प्रबळ वाटली, तरी तिच्या मर्यादांचा विचार आवश्यक आहे. कृपेचा दावा बाहेरून पडताळता येत नाही. ग्रंथाचा अर्थ चुकीचा असेल तर दुसरा वाचक तो दाखवू शकतो. स्वप्नातील उपदेश मात्र सांगणाऱ्याच्या शब्दावरच मानावा लागतो. त्यामुळे ज्या मक्तेदारीविरुद्ध कृपेचा सिद्धांत उभा राहिला, तीच मक्तेदारी कृपेच्या नावाने पुन्हा निर्माण होऊ शकते. वेदाचा अधिकार काही कुळांकडे होता. अनुग्रहाचा अधिकार काही गादीधारकांकडे जाऊ शकतो. तुकाराम, बहिणाबाई आणि रमाबाई यांच्याबाबत हा धोका संभवला नाही, कारण तिघांनीही आपल्या कृपानुभवाचे निवेदन सर्वांना उपलब्ध होईल अशा भाषेत केले आणि आपले दोषही त्यात उघड केले. अनुभव खाजगी असला, तरी त्याची कसोटी त्यांनी सार्वजनिक केली.

दुसरी मर्यादा निष्क्रियतेची. सर्व काही कृपेवर सोडल्यास प्रयत्नाला अर्थ उरत नाही, हा पेलॅजियसचा आक्षेप आजही विचारार्ह आहे. कठोपनिषदातील दुसरा मंत्र या आक्षेपाचे उत्तर देतो : कृपा आचरणाच्या अटीतून सुटका करीत नाही.

सद्यःस्थिती आणि महाविद्यालयीन अध्यापन

मुंबईच्या उपनगरांत धार्मिक अध्ययनाची परंपरा आजही जिवंत आहे. बोरिवली किंवा मुलुंडमधील गृहसंकुलांत ज्ञानेश्वरीचे पारायण होते, घाटकोपरच्या उपाश्रयांत चातुर्मासातील प्रवचने होतात, अंधेरीच्या चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण दिले जाते. पांडुरंगशास्त्री आठवले (१९२०–२००३) यांच्या स्वाध्याय परिवाराचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. 'स्वाध्याय' या शब्दाचा अर्थ अध्ययन असा असला, तरी त्या कार्याचा कणा भक्तिफेरी आणि सामुदायिक श्रम हा राहिला. कोळी वस्त्यांतील 'मत्स्यगंधा' नौकांचा प्रयोग त्याच भूमिकेतून झाला. केवळ प्रवचन पुरेसे नाही, हे अध्ययनाचे नाव धारण करणाऱ्या चळवळीनेही जाणले होते.

मूल्यशिक्षणाच्या तासिकेत विद्यार्थ्याला अहिंसेची व्याख्या विचारता येते आणि उत्तराला गुण देता येतात. अहिंसेला गुण देता येत नाहीत. ही मर्यादा मान्य केल्यास अध्यापनाचे उद्दिष्ट अधिक प्रामाणिक होईल. वर्गात देता येते ते भाषेचे सामर्थ्य, ग्रंथाची ओळख आणि चिकित्सेची सवय. रमाबाईंच्या उदाहरणावरून हे देणे कमी प्रतीचे नाही, हे स्पष्ट होते. बहिणाबाईंना तेच मिळाले नव्हते.

निष्कर्ष

१. तुकाराम, बहिणाबाई आणि रमाबाई या तिघांच्याही साक्षीवरून धर्मग्रंथांचे अध्ययन धर्मशीलता निर्माण करण्यास पुरेसे नाही, असे दिसते. परंतु तिघांच्याही परिवर्तनात कोणत्या ना कोणत्या रूपातील शब्दसंस्कार, म्हणजे पाठांतर, श्रवण किंवा वाचन, कृपेच्या आधी आढळतो.

२. मराठी परंपरेत कृपेचा पुरस्कार मुख्यतः अध्ययनाच्या अधिकारापासून वंचित ठेवलेल्यांनी केला. त्यामुळे त्याकडे केवळ अध्यात्माचा सिद्धांत म्हणून न पाहता सामाजिक समतेची मागणी म्हणूनही पाहणे आवश्यक आहे.

३. अध्ययनाचा अभाव असताना मिळालेली कृपा आत्मप्रतिष्ठा देते, पण परंपरागत बंधनांची चिकित्सा करण्यास अपुरी पडू शकते, हे बहिणाबाईंच्या पतिव्रताविषयक अभंगांवरून ध्यानात येते.

४. अनुग्रहाची विश्वसनीय खूण म्हणजे अनुग्रह झालेल्या व्यक्तीने स्वतःला मिळालेले इतरांसाठी खुले करणे. तुकारामांचे अभंग, बहिणाबाईंचे आत्मनिवेदन आणि रमाबाईंचे भाषांतर ही तिन्ही कार्ये याच वृत्तीतून झाली आहेत.

अध्ययन आणि अनुग्रह यांतील एकाची निवड करण्याची गरज या तिघांना वाटली नाही. ज्यांच्यासाठी ग्रंथाचे दार बंद होते त्यांनी कृपेच्या बळावर आत प्रवेश केला, आणि आत गेल्यावर ते दार मागून येणाऱ्यांसाठी उघडे ठेवले. धर्मशीलतेचा पुरावा शोधायचा असेल, तर तो या उघड्या ठेवलेल्या दारात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.